फ्रँक हॉर्नबी व त्यांचा लहानसा लोहमार्ग

आगगाडीचें खेळणें पाहून ज्याचें मन हरखलें नाहीं असा मुलगा विरळाच. परंतु गाडी कितीही सुंदर असली, तरी तिच्याखालील रूळ नीट बसलेले नसतील, तर ती चार हात सुद्धां जात नाहीं. ही साधी गोष्ट ज्यांनीं असंख्य मुलांच्या हातांना शिकविली, त्या फ्रँक हॉर्नबी ह्यांचें अल्प चरित्र आम्ही ह्या अंकीं वाचकांपुढें ठेवीत आहों.

हॉर्नबी ह्यांचा जन्म १५ मे १८६३ रोजीं इंग्लंडांतील लिव्हरपूल बंदरीं झाला. वडील खाद्यपदार्थांचे व्यापारी होते. शाळेंत फ्रँकचें मन फारसें रमलें नाहीं. सोळाव्या वर्षीं शाळा सोडून ते वडिलांच्या पेढीवर रोखपालाचें काम पाहूं लागले. यंत्रविद्येचें रीतसर शिक्षण त्यांना मिळालें नाहीं. मात्र हातांनीं कांहीं तरी घडवीत राहण्याची ओढ त्यांना लहानपणापासून होती. १८८७ सालीं एका शिक्षिकेशीं त्यांचा विवाह झाला. पुढें १८९९ सालीं वडील वारले, पेढी बंद पडली, आणि ऐन उमेदीच्या वयांत ह्या संसारी गृहस्थास डेव्हिड एलियट नांवाच्या मांसाच्या व्यापाऱ्याकडे हिशेबनिसाची चाकरी धरावी लागली.

रात्रीं घरीं ते आपल्या दोन मुलग्यांसाठीं पत्रा कापून पूल, वाघिणी वगैरे खेळणीं करीत. पण दर खेळण्यास निराळे भाग करावे लागत, व खेळणें मोडलें कीं श्रम फुकट जात. नाताळाच्या सुमारास आगगाडीनें प्रवास करीत असतां त्यांना मालधक्क्यावरील एक लहान यारी दिसली. सर्व पट्ट्या एकाच रुंदीच्या केल्या आणि त्यांना सारख्या अंतरावर भोंकें पाडलीं, तर त्याच पट्ट्यांपासून आज यारी व उद्यां पूल करतां येईल, हा विचार त्यांच्या मनांत आला. भोंकांतील अंतर त्यांनीं अर्धा इंच ठरविलें. पेटंट घेण्यास पांच पौंड हवे होते. तेही जवळ नसल्यामुळें ते धन्याकडून उसने घ्यावे लागले. १९०१ सालीं पेटंट मिळालें. धनी उदार मनाचे होते. त्यांनीं कार्यालयाशेजारची जागा दिली व ते भागीदार झाले. १९०७ सालीं ह्या खेळण्यास मेकॅनो हें नांव मिळालें, आणि १९१४ सालीं लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मोठा कारखाना उभा राहिला.

खेळण्यांतील आगगाडी हा कांहीं हॉर्नबींचा शोध नव्हे. जर्मनींतील मार्क्लिन कंपनीनें १८९१ सालींच ठराविक मापांचे रूळ लाइप्झिगच्या जत्रेंत मांडले होते. परंतु पहिल्या महायुद्धांत जर्मन माल इंग्लंडांत येईनासा झाला, आणि १९२० सालीं हॉर्नबींनीं आपली चावीची गाडी बाजारांत आणली. तिच्या दोन रुळांतील अंतर सुमारें ३२ मिलिमीटर असे. रुळांच्या एका टोंकास खिळ्यासारखी पीन असे. ती दुसऱ्या तुकड्याच्या पोकळ रुळांत बसली म्हणजे सांधणी पुरी होई.

येथें मुलांस निवड करावी लागे. एक फूट त्रिज्येचे वांकडे रूळ घेतले तर सहा तुकड्यांत वर्तुळ पुरें होई. दोन फूट त्रिज्येचे घेतले तर बारा लागत. पहिल्यांत पैसा व जागा वांचे, पण मोठें इंजिन त्या तीव्र वळणावरून फिरूं शकत नसे. म्हणजे पुढें मोठें इंजिन घेण्याची इच्छा असल्यास तिचा विचार पहिले रूळ घेतांनाच करावा लागे.

त्याहून अवघड गोष्ट सांध्याची. स्टेशनाजवळ सांधेवाला दांडा ओढून गाडीची वाट बदलतो, तें पुष्कळांनीं पाहिलें असेल. खेळण्यांतील सांध्यांतही दोन हलत्या पट्ट्या असतात. दांडा फिरविला कीं त्यांपैकीं एक पट्टी बाहेरच्या रुळास चिकटते आणि चाकाची कड तिच्या बाजूनें वळते. पट्टी व रूळ ह्यांमध्यें केसाएवढी फट राहिली, तरी चाक तींत शिरून गाडी घसरते. शिवाय सांधे उजवे व डावे असे दोन प्रकारचे असतात. उजव्याच्या जागीं डावा आणला, तर बाजूचा मार्ग नेमका भिंतींत जातो! म्हणून सर्व आंखणी आधीं कागदावर काढून मग तुकडे मोजावे, हेंच शहाणपणाचें.

हॉर्नबी १९३१ ते १९३५ पर्यंत पार्लमेंटचे सभासद होते. २१ सप्टेंबर १९३६ रोजीं त्यांचा अंत झाला. दोन वर्षांनीं, १९३८ सालीं, त्यांच्या कारखान्यानें सुमारें निम्म्या मापाची नवी गाडी काढली. बिन्स रोडवरील कारखाना १९७९ सालीं बंद पडला. परंतु लहान आगगाड्यांवर त्यांचें नांव अद्याप आहे.

मोडलेला संसार पुन्हां उभा करतांना ह्या गृहस्थानें एकच गोष्ट धरून ठेवली: माप एक ठेवावें, म्हणजे आजचा तुकडा उद्यां वायां जात नाहीं. पालकांस आमची एवढीच विनंति कीं, मुलानें नवें इंजिन मागितलें, तर आधीं त्याच्याजवळ जमिनीवर बसून जुने रूळ नीट जोडून पाहावे. आणि विद्यार्थिमित्रहो, गाडी घसरली म्हणजे इंजिनावर रागावूं नका. खालीं वांकून सांधा पाहा.