पोंबालचा मार्किश : सत्ता, धर्म आणि सहिष्णुता

देवस्थानाच्या स्मरणिकेत एका परदेशी व परधर्मीय प्रधानाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात साष्टी, बार्देश व तिसवाडी या महालांतून आपल्या पूर्वजांनी देवमूर्ती उचलल्या आणि नदी ओलांडून आंत्रुजात आणि अन्यत्र आश्रय घेतला. ज्या धर्मसत्तेच्या जाचामुळे ही वेळ आली, तिचे सर्वांत भयंकर साधन म्हणजे १५६० साली गोव्यात स्थापन झालेले इन्क्विझिशन. हे न्यायासन दोनशे चौदा वर्षांनंतर प्रथम ज्याच्या हुकमाने बंद पडले, तो पुरुष म्हणजे सेबास्तियांव जुझे द कार्व्हाल्यु इ मेलु, अर्थात पोंबालचा मार्किश. मात्र त्याचे चरित्र हे निव्वळ उपकारकर्त्याचे चरित्र नव्हे. असहिष्णुतेचा शत्रू आणि असहिष्णुतेचा उपासक असे दोन्ही पुरुष त्याच्या एकाच देहात नांदत होते, आणि म्हणूनच ते चरित्र आजही अभ्यासण्याजोगे आहे.

त्याचा जन्म १३ मे १६९९ रोजी लिस्बन येथे एका सामान्य सरदार घराण्यात झाला. कुईंब्रा विद्यापीठात थोडे शिक्षण आणि सैन्यात थोडी नोकरी, यांपलीकडे तारुण्यात त्याच्या हातून फारसे काही घडले नाही. १७२३ साली त्याने आपल्याहून वयाने वडील असलेल्या एका उच्चकुलीन विधवेशी तिच्या नातलगांच्या इच्छेविरुद्ध विवाह केला. थोर घराण्यांनी या जावयाला कधीच आपला मानले नाही. हा अपमान त्याने मनात जतन करून ठेवला, आणि पुढे त्याची जबर किंमत त्या घराण्यांना मोजावी लागली.

वयाची चाळिशी गाठता गाठता त्याची लंडन येथे वकील म्हणून नेमणूक झाली. तो तेथे असतानाच, मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकून घेतली आणि पूर्वेकडील पोर्तुगीज सत्तेचा कणा मोडला. इंग्रजांची भरभराट व आपल्या देशाची उतरती कळा यांची तुलना त्याने तेथे बसून बारकाईने केली. व्यापार, शिक्षण व राज्यकारभार यांत पोर्तुगाल मागे पडला आहे, असे त्याचे मत बनले. त्यानंतर तो व्हिएन्ना येथे गेला व तेथे त्याने दुसरा विवाह केला. १७५० साली दों जुझे हा राजा गादीवर आला आणि कार्व्हाल्युची मंत्रिमंडळात वर्णी लागली. त्या वेळी त्याचे वय एक्कावन्न वर्षांचे होते.

१ नोव्हेंबर १७५५ हा सर्व संतांच्या सणाचा दिवस. लिस्बनची चर्चे भाविकांनी फुलून गेली असता सकाळी प्रचंड भूकंप झाला. त्यामागून समुद्र नगरात शिरला आणि पाठोपाठ लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. हजारो माणसे प्राणास मुकली. राजा भयभीत झाला, दरबार गोंधळून गेला. एकटा कार्व्हाल्यु स्थिरचित्त राहिला. प्रेते नावांत घालून समुद्रात सोडण्याची त्याने व्यवस्था केली, धान्याचे भाव बांधून दिले, लुटारूंना जरब बसावी म्हणून फाशीचे खांब उभारले. पुढे प्रत्येक परगण्याच्या पाद्रीकडे प्रश्नावली पाठवून भूकंप किती वेळ टिकला, किती घरे पडली, किती माणसे मेली, याची लेखी माहिती मागविली. संकटाचे असे दप्तर ठेवण्याची बुद्धी त्या काळात विरळा होती. रुंद व सरळ रस्त्यांचे जे नवे लिस्बन त्याने उभारले, ते आजही त्या शहराचे हृदय आहे.

भूकंपाचा अर्थ कसा लावावा, यावरून मात्र समाजात दुफळी झाली. गाब्रिएल मालाग्रिदा नावाच्या वृद्ध जेजुइट पाद्रीने १७५६ साली एक पुस्तिका प्रसिद्ध करून हा ईश्वरी कोप असल्याचे प्रतिपादिले आणि भूकंपाला नैसर्गिक कारणे देणाऱ्यांना दोष दिला. लोकांनी घरे बांधण्याऐवजी प्रायश्चित्त करीत बसावे, हा उपदेश प्रधानाला सहन होणारा नव्हता. त्याने मालाग्रिदाला राजधानीबाहेर घालविले. येथपर्यंत कोणताही विचारी मनुष्य त्याच्याच बाजूने उभा राहील.

परंतु ३ सप्टेंबर १७५८ च्या रात्री राजा बग्गीतून परतत असता त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि प्रधानाच्या हाती हवे ते शस्त्र आले. ताव्हर या अत्यंत थोर घराण्यावर कटाचा आरोप ठेवण्यात आला. त्या घराण्याचा प्रमुख दों फ्रांसिश्कु द आसिज हा १७५० ते १७५४ या काळात गोव्याचा विजरई होता व त्याची पत्नी दोना लियोनोर त्याच्यासमवेत येथे येऊन राहिली होती. खास न्यायालय नेमून, यातना देऊन कबुलीजबाब मिळविण्यात आले आणि १३ जानेवारी १७५९ रोजी बेलें येथे सर्वांसमक्ष त्या कुटुंबाचा संहार झाला. मार्किशीणबाईंचा शिरच्छेद करण्यात आला. पुरुषांची हाडे मोडून त्यांना ठार करण्यात आले. ताव्हर हे आडनाव लावण्याससुद्धा बंदी झाली. याच कटात गोवलेल्या आव्हैरूच्या ड्यूकचा वाडा पाडून त्या जागेवर मीठ पेरण्यात आले. तेथे उभारलेला दगडी स्तंभ आजही पाहावयास मिळतो.

त्याच वर्षाच्या सप्टेंबरात जेजुइट संघाला पोर्तुगालच्या सर्व मुलखांतून हद्दपार करण्यात आले. गोव्यातील जेजुइटांनाही पकडून जहाजावर चढविले गेले आणि त्यांची मालमत्ता राजसत्तेने ताब्यात घेतली. ज्या संघाने साष्टीतील देवळांच्या पाडापाडीस हातभार लावला, त्याच्यावर ओढवलेली ही आपत्ती ऐकून आपल्यापैकी कोणाला समाधान वाटले तर ते मनुष्यस्वभावाला धरून होईल. परंतु त्यांतील कित्येकांना कोणत्याही चौकशीशिवाय लिस्बनजवळील सांव जुलियांवच्या किल्ल्यातील तळघरांत वर्षानुवर्षे डांबून ठेवण्यात आले, हेही विसरता येत नाही. त्यांतील अनेकांचा पूर्वीच्या कृत्यांशी काडीचाही संबंध नव्हता.

मालाग्रिदाचा शेवट तर याहून भीषण. बाहत्तर वर्षांच्या त्या पाद्रीची बुद्धी तुरुंगात चळली होती. राजद्रोहाचा पुरावा अपुरा पडला, तेव्हा त्याला पाखंडी ठरवून इन्क्विझिशनच्या स्वाधीन करण्यात आले. त्या न्यायासनाचा मुख्य या वेळी प्रधानाचा सख्खा भाऊ होता. २१ सप्टेंबर १७६१ रोजी लिस्बनच्या चौकात मालाग्रिदाला गळा आवळून मारण्यात आले व त्याचे प्रेत जाळण्यात आले. म्हणजे धर्मांधतेचे निर्मूलन करू पाहणाऱ्या पुरुषाने धर्मांधतेचेच यंत्र आपल्या शत्रूवर चालविले.

आता त्याच्या कारकिर्दीची दुसरी बाजू. त्याच १७६१ सालच्या एप्रिलमध्ये एका कायद्याने पूर्वेकडील ख्रिस्ती प्रजेला युरोपात जन्मलेल्या पोर्तुगीजांच्या बरोबरीचे हक्क देण्यात आले आणि त्यांना हीनतादर्शक नावांनी हाक मारणे हा अपराध ठरविण्यात आला. मे १७७३ मध्ये पोर्तुगालातील जुने ख्रिस्ती व ज्यू वंशाचे नवे ख्रिस्ती हा भेद त्याने कायद्याने नष्ट केला. या एका भेदापायी अडीचशेहून अधिक वर्षे असंख्य कुटुंबे भीतीत जगली होती. कुईंब्रा विद्यापीठाची १७७२ साली पुनर्रचना करून त्याने गणित व निसर्गविज्ञानाला स्थान दिले. आणि १७७४ साली गोव्याचे इन्क्विझिशन बंद करण्याचा हुकूम सुटला.

याच अमदानीत नव्या काबिजादी पोर्तुगीजांकडे आल्या. हैदरअलीने सौंधे संस्थानावर चाल केली तेव्हा तेथील राजा गोव्याच्या आश्रयास आला व पुढे बांदिवडे येथे राहिला. १७६३-६४ मध्ये फोंडा, सांगे, केपे व काणकोण हे महाल पोर्तुगीज अमलाखाली आले. दोन शतकांपूर्वी ज्यांच्यापासून देव दूर नेले, त्यांचेच निशाण देवाच्या नव्या ठाण्यावर फडकू लागले. त्या वेळी आपल्या पूर्वजांच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पनाच करावी. परंतु या खेपेस देवळांना, पुजाऱ्यांना व चालीरीतींना हात न लावण्याची हमी विजरईने दिली आणि ती स्थूलमानाने पाळली गेली. हे औदार्य होते की राजकारण, असे कोणी विचारल्यास राजकारणच अधिक, असे म्हणावे लागेल. सीमेवर मराठे व हैदरअली असताना नवी प्रजा दुखवून चालणार नव्हते. तथापि देवळे वाचली, ही वस्तुस्थिती आहे.

पोंबालच्या समतेला दोन मोठ्या मर्यादा होत्या. १७६१ चा कायदा ख्रिस्ती प्रजेपुरताच होता. हिंदूंना पूर्ण नागरी समतेसाठी १९१० सालच्या पोर्तुगीज प्रजासत्ताकाची वाट पाहावी लागली. आणि जो कायदा कागदावर उतरला, तोही अधिकाऱ्यांच्या मनात उतरला नाही. गोमंतकीय पाद्रींना वरिष्ठ जागा मिळेनात, तेव्हा त्या असंतोषातून १७८७ सालचा पिंटोंचा कट झाला व पुढील वर्षी पंधरा जणांना देहान्त शिक्षा झाली. शिवाय विचारस्वातंत्र्य पोंबालला स्वतःलाच नको होते. १७६८ साली त्याने ग्रंथपरीक्षणाचे मंडळ स्थापून व्हॉल्टेअर व रूसो यांच्या अनेक ग्रंथांना देशात बंदी केली. चर्चच्या हातची लेखणी तपासण्याची सत्ता त्याने सरकारकडे आणली, एवढाच काय तो फरक.

२४ फेब्रुवारी १७७७ रोजी राजा दों जुझे मरण पावला आणि त्याची कन्या दोना मारिया गादीवर आली. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत प्रधानाने अधिकार सोडला. तुरुंगांची दारे उघडली आणि वर्षानुवर्षे सूर्य न पाहिलेले शेकडो कैदी बाहेर आले. जे नगर त्याच्या स्वागताला लोटत असे, तेच त्याच्या नावाने शिव्याशाप देऊ लागले. राजाच्या अश्वारूढ पुतळ्याखाली त्याची कांस्यमुद्रा बसविली होती, ती काढून टाकण्यात आली. त्याच्यावर खटला झाला. १७८१ साली त्याला दोषी ठरविले गेले, पण वार्धक्यामुळे शिक्षा न देता राजदरबारापासून वीस कोसांच्या आत येण्यास मनाई करण्यात आली. ८ मे १७८२ रोजी पोंबाल गावी त्याचा अंत झाला. ती कांस्यमुद्रा १८३३ साली, उदारमतवादी पक्षाचा जय झाल्यावर, पुन्हा जागेवर बसली. पक्ष बदलला की त्याची प्रतिमाही खाली येत असे अथवा वर चढत असे.

गोव्याच्या दृष्टीने मात्र सर्वांत अर्थपूर्ण घटना १७७८ ची होय. पोंबाल पायउतार होताच दुसऱ्याच वर्षी गोव्याचे इन्क्विझिशन पुन्हा सुरू झाले. पहिल्याइतके उग्र ते राहिले नव्हते, तरी ते कायमचे बंद पडण्यास १८१२ साल उजाडावे लागले. त्याचे बहुतेक दप्तर पुढे जाळून टाकण्यात आले. त्यामुळे त्याच्यापुढे उभ्या राहिलेल्या हजारो माणसांचे जबाब आज कोणालाही वाचता येत नाहीत. कागद जळाला की पीडिताचा शेवटचा साक्षीदारही जातो, हे ज्याने दप्तरात आयुष्य घालविले त्याला सांगावे लागत नाही.

एका माणसाच्या लहरीने मिळालेली सहिष्णुता त्या माणसाबरोबर जाते, हा या चरित्राचा बोध आहे. पोंबालने भेदाचे कायदे रद्द केले, पण प्रतिपक्षाला माणूस मानण्याची सवय त्याने ना राज्याला लावली, ना स्वतःला. त्यामुळे त्याच्या पक्षाला चर्चवाल्यांचा छळ न्याय्य वाटला व चर्चवाल्यांना त्याचा पाडाव न्याय्य वाटला; निःपक्षपाती न्याय मात्र कोणीच मागितला नाही. नावेलीचे सुपुत्र डॉ. फ्रांसिश्कु लुईश गोमिश यांनी १८६९ साली, स्वतःच्या अकाली निधनाच्या वर्षी, पोंबालच्या सार्वजनिक जीवनावर फ्रेंच भाषेत ग्रंथ लिहिला. एका गोमंतकीय ख्रिस्ती उदारमतवाद्याला या विषयाची ओढ वाटावी, यात नवल नाही.

आपल्या देवस्थानांचा कारभार १८८६ पासून लेखी नियमावलीने बांधलेला आहे व १९३३ साली ती नियमावली नव्याने करण्यात आली. जमाखर्च लिहावा, ठरल्या मुदतीने समिती निवडावी, कोणाही महाजनाची तक्रार ऐकून घ्यावी, हे नियम रुक्ष वाटतात. पण कोणता गट निवडून आला यावर न्याय अवलंबून राहू नये, म्हणूनच ते आहेत. राजकीय पक्षांचे वैर देवळाच्या चौकात आणून परस्परांचे मानपान अडविण्याचा मोह जेव्हा होईल, तेव्हा आपले देव येथे कोणत्या कारणाने आले याचे स्मरण ठेवावे. ज्यांच्या पूर्वजांना दुसऱ्याच्या असहिष्णुतेपायी घरदार सोडावे लागले, त्यांनी आपल्या आवारात, आपल्या विरोधकाशीही, न्यायाने वागावे. हीच त्या पूर्वजांची खरी स्मृती होय, आणि तशी सद्बुद्धी आपणा सर्वांस लाभो, अशी श्रीचरणी प्रार्थना.