फ्लेमिंग यांचा विसरलेला इशारा

अलेक्झांडर फ्लेमिंग हे नाव आपल्याकडील शाळकरी मुलांच्याही परिचयाचे आहे. काचेच्या बशीत बुरशी उगवली आणि पेनिसिलिन सापडले, एवढी कथा पाठ्यपुस्तकांनी घरोघर पोहोचविली आहे. तथापि, या शास्त्रज्ञाने आपल्याच शोधाविषयी जगाला दिलेला इशारा फारसा कोणाच्या स्मरणात नाही. आणि आज त्याचीच अधिक गरज आहे.

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील एअरशायर परगण्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. पितृछत्र लहानपणीच हरपले. किशोरवयात ते लंडनला आले आणि एका जहाज कंपनीच्या कचेरीत चार वर्षे त्यांनी कारकुनी केली. काकांच्या वारशातील थोडी रक्कम वाट्यास आली, म्हणूनच १९०१ मध्ये सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यकीय विद्यालयात त्यांना प्रवेश घेता आला. पदवी मिळाल्यावर ते तेथेच जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळेत रुजू झाले.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील बूलोन येथे जखमी सैनिकांवर उपचार चालू असताना त्यांना एक विदारक सत्य उमगले. खोल जखमांत ओतली जाणारी जंतुनाशक द्रव्ये कानाकोपऱ्यातील जंतूंपर्यंत पोहोचत नव्हती. उलट जंतूंशी झुंजणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशींचाच ती नाश करीत होती. औषध जितके जहाल तितके गुणकारी, हा समज त्यांनी तेव्हाच टाकून दिला.

सप्टेंबर १९२८ मध्ये सुटीवरून परतल्यावर त्यांना जंतूंची वाढ केलेल्या एका बशीत बुरशी आलेली आढळली. बुरशीभोवतालचे जंतू विरघळून गेले होते. १९२९ मध्ये त्यांनी याविषयी निबंध प्रसिद्ध केला. परंतु ते द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे करणे त्यांना साधले नाही. ते कार्य ऑक्सफर्ड येथे फ्लोरी, चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या सुमारास तडीस नेले. १९४१ च्या फेब्रुवारीत तेथील एका पोलीस शिपायाला हे औषध टोचण्यात आले. प्रकृतीला उतार पडू लागला. पण औषधाचा साठाच अपुरा होता. रोग्याच्या मूत्रातून पेनिसिलिन परत मिळवून तेच पुन्हा देण्यापर्यंत मजल गेली. अखेर साठा संपला, रोग उलटला आणि मार्चमध्ये तो शिपाई दगावला.

१९४५ मध्ये फ्लोरी व चेन यांच्यासह फ्लेमिंग यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळच्या व्याख्यानात त्यांनी एका काल्पनिक गृहस्थाचे उदाहरण दिले. घसा दुखतो म्हणून हा गृहस्थ आपल्याच मनाने थोडेसे पेनिसिलिन घेतो. तेवढ्याने जंतू मरत तर नाहीतच, उलट औषधाला तोंड देण्यास शिकतात. तेच जंतू त्याच्या पत्नीला न्यूमोनिया करतात, तिच्यावर पेनिसिलिनचा उपाय चालत नाही आणि ती मरण पावते. या मृत्यूचा दोष पतीकडेच जातो, असा त्यांचा निष्कर्ष होता. ११ मार्च १९५५ रोजी लंडनमध्ये फ्लेमिंग यांचे निधन झाले. त्याच्या आदल्याच वर्षी पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला होता. दुर्मिळ औषध आपल्याकडेही सर्वसामान्यांच्या आवाक्यात येऊ लागले होते.

आज चणचण नाही, सुकाळ आहे. आणि संकट नेमके त्यातूनच उद्भवले आहे. सर्दी-पडसे व फ्ल्यू हे विषाणूंचे विकार. त्यांवर प्रतिजैविकांचा काडीचाही उपयोग होत नाही. तरीही कित्येक जण जुनी चिठ्ठी दाखवून किंवा चिठ्ठीवाचूनच दुकानातून गोळ्या आणतात, दोन दिवसांत बरे वाटले की थांबतात आणि उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देतात. अशा प्रत्येक अनावश्यक मात्रेसरशी दुर्बल जंतू मरतात आणि निगरगट्ट तेवढे मागे उरून फैलावतात. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगभरात सुमारे बारा लाख सत्तर हजार माणसे मृत्युमुखी पडली, असा संशोधकांचा अंदाज आहे.

अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माझ्यासारख्याला यात गावच्या सामायिक विहिरीचा प्रश्न दिसतो. एकाने गोळी घेतली, किंमत त्याने दिली, व्यवहार संपला, असे येथे होत नाही. औषधाची शक्ती ही सर्वांची ठेव आहे. गैरवापर करणारा ती खर्च करतो आणि तिचे मोल दुसराच कोणी चुकवितो. भारतात २०१४ पासून काही प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे दुकानदारांवर बंधनकारक झाले. परंतु ग्राहकच चिठ्ठीवाचून औषधाचा आग्रह धरू लागला, तर कायदा कागदावरच राहणार.

वास्तविक, करावयाचे ते फार अवघड नाही. डॉक्टरांनी तपासून दिल्याखेरीज प्रतिजैविक घेऊ नये आणि त्यासाठी त्यांच्यामागे लकडाही लावू नये. पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर पित्त उठले असेल किंवा दम लागला असेल, तर ते आधीच सांगावे. पेनिसिलिनचे वावडे क्वचित जिवावरही बेतते. चालू असलेली इतर औषधे आणि गरोदरपण यांचीही कल्पना द्यावी. मात्रा नेमल्या वेळी घ्यावी आणि सांगितलेले दिवस पुरे करावेत. ते किती असावेत हे रोगानुसार डॉक्टर ठरवितात. अलीकडे काही रोगांत थोडे दिवसही पुरतात, पण तो निर्णय रोग्याचा नव्हे. पुरळ, श्वासाचा त्रास किंवा जोराचे जुलाब झाल्यास तत्काळ डॉक्टरांना गाठावे. उरलेली गोळी पुढच्या आजारासाठी जपून ठेवू नये.

फ्लेमिंग यांनी कल्पिलेला तो गृहस्थ दुष्ट नव्हता. तो केवळ निष्काळजी होता, आपल्यातल्या कोणाही सारखा. औषधाचा साठा संपला म्हणून १९४१ मध्ये एक शिपाई दगावला. साठा भरपूर असूनही औषध लागू पडेना म्हणून उद्या आपल्याच घरातील कोणी दगावले, तर त्याचा दोष कोणाला द्यावयाचा?