काळ्या आकाशाचा फोटोग्राफर : एडवर्ड बर्नार्ड

आकाशगंगेचा फोटो संगणकावर घेतला की बहुतेकांचा हात आधी ब्लॅक पॉइंटच्या स्लायडरकडे जातो. आकाश करडं दिसतंय ना, मग ओढा उजवीकडे! आकाश डांबरासारखं काळंकुट्ट, तारे लखलखीत आणि हॉस्टेलभर वाहवा. मला मात्र तो स्लायडर दिसला की एक माणूस आठवतो. संगणक यायच्या आधीच तो वारला, पण फोटोतला काळा नक्की किती काळा हवा, याचाच ध्यास त्याला लागला होता. एडवर्ड एमर्सन बर्नार्ड त्याचं नाव.

जन्म १६ डिसेंबर १८५७, अमेरिकेतल्या नॅशव्हिल गावी. वडील जन्माआधीच वारलेले, घरात अठरा विश्वे दारिद्र्य आणि शाळा जेमतेम दोन महिने. नऊ वर्षांचा असताना तो एका फोटो स्टुडिओत कामाला लागला. फोटो मोठे करायला तिथे सूर्याचं ऊन वापरायचे. 'ज्युपिटर' नावाच्या त्या अवजड यंत्राचं तोंड दिवसभर सूर्याकडे वळवत राहायचं, हे या पोराचं काम. आपण ज्याला ट्रॅकिंग म्हणतो, ते तो हाताने करत होता! तिथेच त्याची जवळजवळ सतरा वर्षं गेली. प्रिंट कशी काढायची याचं शिक्षण झालं ते असं, कामावर.

त्या तुटपुंज्या पगारातून त्याने ३८० डॉलरची पाच इंची दुर्बीण घेतली आणि धूमकेतू शोधायला लागला. तेव्हा एक धनिक प्रत्येक नव्या धूमकेतूला २०० डॉलर बक्षीस देई. त्या पैशांतून पठ्ठ्याने घर उभं केलं! १८८३ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्याला बोलावून घेतलं, १८८८ मध्ये तो कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत गेला. ९ सप्टेंबर १८९२ च्या रात्री त्याला गुरूचा पाचवा चंद्र सापडला. गॅलिलिओने १६१० मध्ये चार चंद्र पाहिल्यानंतरचा हा पहिलाच.

पण मला जास्त भावतं ते त्याचं पुढचं काम. माणसांचे फोटो काढायच्या सहा इंची भिंगाने तो आकाशगंगेचे फोटो काढू लागला. तासन् तासांची एक्स्पोजर, तेवढा वेळ डोळा दुर्बिणीला लावलेला. काचेवर ताऱ्यांच्या गर्दीत काळे डाग उमटायचे. ही आकाशातली भोकं की प्रकाश अडवणारं काहीतरी? बर्नार्डची बरीच वर्षं या द्विधेत गेली.

१८९५ मध्ये तो यर्किस वेधशाळेत आला. तिथे १९१३ च्या उन्हाळ्यात एका निरभ्र रात्री धनु राशीतल्या तारकामेघांवरून लहान लहान ढग सरकताना त्याने पाहिले. आपले रोजचेच ढग, पण मागच्या उजेडावर शाईच्या थेंबांसारखे काळे! फोटोतल्या डागांसारखेच. १९१९ मध्ये त्याने अशा १८२ काळ्या जागांची यादी छापली. आज आपण जाणतो की ते थंड वायू आणि धुळीचे ढग आहेत. त्याच्या यादीतल्या बी-६८ मागचे तारे अवरक्त कॅमेऱ्याला दिसतात.

आता इंजिनिअरिंगच्या भाषेत बोलू. आकाश कधीच शून्य नसतं. वातावरणाची स्वतःची मंद चमक असते, शहराचे दिवे असतात. धुळीचा ढग या पार्श्वभूमीपेक्षा किंचितच काळा असतो. ब्लॅक पॉइंट जास्त वर नेला की ढगही शून्य आणि रिकामं आकाशही शून्य. मग कितीही कॉन्ट्रास्ट वाढवा, शून्याला कशानेही गुणा, उत्तर तेच! म्हणून हिस्टोग्रामचा डोंगर जिथून चढायला लागतो, त्याच्या थोडं डावीकडेच थांबायचं आणि कॉन्ट्रास्ट नंतर कर्व्हने हळूहळू वाढवायचा.

बर्नार्डकडे स्लायडर नव्हता, हट्ट होता. छपाईत सावल्यांचे बारकावे बुडतात म्हणून लिकमधले त्याचे फोटो पुस्तकरूपाने यायला १९१३ उजाडलं. पुढच्या ॲटलाससाठी त्याने छपाईच नाकारली. ७०० प्रतींसाठी पस्तीस हजारांहून जास्त खऱ्या फोटो-प्रिंट काढल्या आणि प्रत्येक प्रिंट स्वतः तपासली. आपल्याला एका जर्नलच्या दोन कॉप्या काढायचा कंटाळा येतो!

६ फेब्रुवारी १९२३ ला तो गेला. ॲटलास निघाला १९२७ मध्ये. एडविन फ्रॉस्ट आणि बर्नार्डच्या पत्नीची भाची मेरी कॅल्व्हर्ट यांनी तो पुरा केला. ज्यासाठी एवढा जीव टाकला, ते पुस्तक त्याला हातात धरायला मिळालं नाही. पण कृष्णमेघांना आजही त्याच्याच यादीतले क्रमांक आहेत. मृग नक्षत्रातला प्रसिद्ध अश्वशीर्ष मेघ म्हणजे बी-३३.

तेव्हा दोस्तांनो, पुढच्या ट्रेकला काढलेल्या फोटोत आकाश थोडं करडं राहिलं तर राहू द्या. त्या करड्यातच कुठेतरी बर्नार्डचा एखादा ढग असेल.