ही बाई कोण?

जून आणि डिसेंबर हे आम्हा बँकवाल्यांचे जागरणाचे महिने असत. सहामाही क्लोजिंग. सेव्हिंग्जच्या लेजरांची बेरीज जनरल लेजरशी जुळेपर्यंत घरी जायचं नाही, असा रिवाज. पाच पैशांचा फरक रात्रीचे दोन वाजवायचा. तो सापडत नसला की हेड कॅशियर पेन खाली ठेवत, शिपाई चहा आणत असे आणि आमच्या शाखेत एकच वाद पुन्हा पेटत असे. राज खोसलांचा पहिल्या नंबरचा रहस्यपट कोणता?

ही १९८०च्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. आमची शाखा त्याच पट्ट्यातल्या एका गावी. हेड कॅशियर ‘वो कौन थी’चे कट्टर भक्त. लेजरवरचा तरुण क्लार्क ‘सी. आय. डी.’वाला. शिपाई ‘मेरा गाँव मेरा देश’च्या बाजूचा. तो डाकूपट आहे, रहस्यपट नाही, असं आम्ही त्याला परोपरीनं समजावलं, पण जब्बरसिंग कुठून येईल हे आधी कळत नाही म्हणजे ते रहस्यच, यावर तो ठाम होता. मी ‘मेरा साया’चा. माझं मत घरातून आलेलं होतं.

लहानपणी आमच्याकडे सिनेमा यायचा तो टूरिंग टॉकीजमधून. यात्रेच्या मैदानात तंबू, एकच प्रोजेक्टर, म्हणून रीळ बदलायला दर थोड्या वेळानं अंधार. मधे पडदा टांगून एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला माणसं. शहरात चार वर्षांपूर्वी उतरलेलं चित्र आमच्याकडे नवं म्हणून लागायचं. ‘मेरा साया’ मी असा पाहिला, वय दहाच्या आसपास. गंमत अशी, की आमच्या घरात त्याचं रहस्य आधीच फुटलं होतं. वडिलांनी अकोल्याला ‘पाठलाग’ पाहिला होता. तंबूत शिरण्याआधीच, आम्ही भावंडं घाबरू नये म्हणून असेल, त्यांनी शेवट सांगून टाकला. तरीही चित्रपट संपेपर्यंत मी जागचा हललो नाही. शेवट माहीत असून ज्याचा जीव जात नाही तो खरा रहस्यपट, अशी माझी कसोटी तिथं ठरली. त्या वयात ती मला शब्दांत मांडता आली नसती, एवढंच.

राज खोसलांचा जन्म ३१ मे १९२५चा, पंजाबातला. मुंबईत ते दिग्दर्शक व्हायला नव्हे, गायक व्हायला आले होते. शास्त्रीय संगीताची तालीम झालेली. पार्श्वगायनात मात्र जम बसेना. देव आनंद यांनी त्यांची गाठ गुरुदत्त यांच्याशी घालून दिली आणि गाणं राहिलं बाजूला, खोसला सहायक दिग्दर्शक झाले. ‘जाल’, ‘बाज’, ‘आरपार’ या चित्रपटांच्या वेळी गुरुदत्तांच्या हाताखाली त्यांनी जे पाहिलं, ते पुढं आयुष्यभर पुरलं. अंधाराचा वापर, चेहऱ्याच्या अगदी जवळ जाणारा कॅमेरा, आणि मुख्य म्हणजे गाणं. गुरुदत्तांकडे गाणं आलं म्हणजे गोष्ट थांबत नसे, पुढं सरकत असे. हा धडा हुकलेल्या गायकाइतका दुसऱ्या कोणी मनावर घेतला असता असं मला वाटत नाही.

१९५५ साली ‘मिलाप’ हा त्यांचा पहिला चित्रपट आला. तो फारसा चालला नाही. तरी गुरुदत्तांनी दुसऱ्याच वर्षी स्वतःच्या संस्थेचा ‘सी. आय. डी.’ त्यांच्या हाती दिला. एका वृत्तपत्राच्या संपादकाचा खून होतो आणि तपास देव आनंदकडे येतो. वहिदा रहमानचा हा पहिला हिंदी चित्रपट. मेहमूद पुढं आपल्याला हसवणारा म्हणून ठाऊक झाला, इथं तो चक्क मारेकरी आहे. आमच्या क्लार्कची बाजू इथं भक्कम होती. ‘सी. आय. डी.’ आजही कुठं रेंगाळत नाही. मुंबईचे रस्ते, टेलिफोन, मोटारी, जॉनी वॉकरचा पाकीटमार, ओ. पी. नय्यर यांचा ठेका. पण माझी कसोटी लावली तर तो मागे पडतो. खुनामागचा माणूस कोण हे एकदा कळलं की उरतात ती गाणी आणि वहिदाचे डोळे. ते कमी नाही म्हणा. त्याचा नंबर तिसरा.

१९५८च्या ‘काला पानी’त मुलाला कळतं, की मेला म्हणून सांगितलेला आपला बाप जिवंत आहे आणि खुनाच्या आरोपावरून तुरुंगात आहे. १९६०च्या ‘बम्बई का बाबू’त एक गुन्हेगार हरवलेला मुलगा बनून दुसऱ्याच्या घरात शिरतो आणि जिला सगळे त्याची बहीण समजतात तिच्याच प्रेमात पडतो. १९६२च्या ‘एक मुसाफिर एक हसीना’त नायकाची स्मृतीच जाते. मी क्लोजिंगच्या रात्री या चित्रपटांची नावं एका कोऱ्या व्हाउचरच्या पाठीवर लिहीत गेलो आणि चमकलो. खून कोणी केला, या प्रश्नात खोसलांना फारसा रस नव्हता. त्यांचा प्रश्न वेगळा होता. समोर उभं आहे ते माणूस कोण? आपलं की परकं? हाच प्रश्न ते नावं बदलून, नट बदलून पुन्हा पुन्हा विचारत होते.

साधना त्यांना मिळाली आणि या प्रश्नाला चेहरा मिळाला. ‘वो कौन थी’ १९६४चा. पावसाची रात्र, डॉक्टर असलेला मनोजकुमार मोटार चालवतोय, रस्त्यात पांढऱ्या साडीतली एक बाई उभी. ती गाडीत बसते, त्याला रस्ता दाखवत नेते आणि उतरते ती कब्रस्तानाशी. पुढं आई त्याचं लग्न ठरवते आणि घुंगटाआडून तोच चेहरा वर येतो. के. एच. कापडिया यांना या छायालेखनाबद्दल फिल्मफेअर पारितोषिक मिळालं आणि ते योग्यच होतं. धुक्यातून येणारं ते गाणं चित्रीकरणाच्या वेळी मदनमोहन यांच्याच आवाजात होतं, कारण लताबाईंचं ध्वनिमुद्रण तोवर झालेलं नव्हतं. पुढं पडद्यावर आला तो लताबाईंचा आवाज. हे आमच्या हेड कॅशियरांनी मला सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर चोख टॅली झाल्याचा आनंद होता.

माझा आक्षेप शेवटाला होता. नायकाला वेडा ठरवून मालमत्ता लाटायची म्हणून नातलगानं एवढा खटाटोप करावा? पाऊस कधी पडेल, डॉक्टर कोणत्या वाटेनं येईल, हे सगळं जुळवून आणावं? आमच्या बँकेत लोक यापेक्षा सोप्या वाटेनं पैसे उचलत. हेड कॅशियर म्हणत की रहस्यपटात व्हाउचर मागायचं नसतं. मी म्हणे, का नाही मागायचं?

त्याच १९६४ साली मराठीत राजा परांजपे यांनी ‘पाठलाग’ काढला. जयंत देवकर यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून. काशीनाथ घाणेकर आणि भावना. गोष्ट इतकी पक्की, की वर्षभरात तमिळमध्ये ती ‘इदय कमलम’ झाली आणि १९६६ साली हिंदीत ‘मेरा साया’. आज ‘मेरा साया’ नाव घेतलं की साधना आठवते, उदयपूरचं तळं आठवतं, बरेलीच्या बाजारातला झुमका आठवतो. मराठी मूळ आठवतं ते आपल्यासारख्यांनाच. तक्रार म्हणून सांगत नाही. पण ही रक्कम कोणाच्या खात्यातून आली याची नोंद असावी.

साठ वर्षं होत आली, तेव्हा कथा सांगायला हरकत नसावी. वकील असलेल्या राकेशची पत्नी त्याच्या मांडीवर प्राण सोडते. तो तिला अग्नी देतो. काही दिवसांनी पोलीस दरोडेखोरांच्या टोळीतली एक बाई पकडतात. हुबेहूब तोच चेहरा, आणि ती म्हणते की मी याची बायको. खटला उभा राहतो. ती बाई नवराबायकोखेरीज कोणाला ठाऊक नसणाऱ्या गोष्टी एकेक करून सांगत जाते आणि सुनील दत्त प्रत्येक गोष्टीला नकार देत जातो. तो वकील आहे, उलटतपासणी त्याच्या हातात आहे, आणि पुरावा तर स्वतःच्या हातानं चितेवर ठेवलेला. मेली ती जुळी बहीण होती आणि पिंजऱ्यात उभी आहे तीच खरी, हे त्याला फार उशिरा कळतं. शेवट माहीत असलेल्या माणसाला हा चित्रपट जास्त छळतो. पहिल्या वेळी आपण नवऱ्याच्या बाजूनं बघतो. दुसऱ्या वेळी आपण तिच्या जागी उभे असतो आणि खरं बोलूनही कोणी ऐकत नसतं.

माझ्या पहिल्या नंबरामागे आणखी एक कारण आहे. ते मी तेव्हा शाखेत बोललो नाही.

१९८६ साली, क्लोजिंगच्याच आसपास, एक निवृत्त प्राथमिक शिक्षक पैसे काढायला आले. काउंटरवर मी होतो. विड्रॉवल स्लिपवरची सही नमुन्याच्या कार्डाशी जुळेना. कार्डावर वळणदार, शिक्षकी अक्षर. स्लिपवर नुसत्या थरथरत्या रेघा. त्यांनी सांगितलं की अर्धांगाचा झटका येऊन गेला आहे. खातं कोणत्या साली उघडलं, तेव्हाचे मॅनेजर कसे दिसायचे, पहिली रक्कम किती भरली, मधे मुलीच्या लग्नाला किती काढली, सगळं सांगितलं. मी लेजर उघडून ताडून पाहिलं. सगळं बरोबर होतं. तरी मी पैसे दिले नाहीत. सही जुळत नाही तर पैसे नाहीत, नियम माझ्या बाजूनं होता. ओळखीचा साक्षीदार आणा म्हणून मी त्यांना एस.टी.नं परत गावी पाठवलं. साक्षीदाराखेरीज डॉक्टरचा दाखलाही लागतो, हे मी पहिल्या वेळी सांगायला विसरलो होतो, त्यामुळे त्यांना आणखी एक खेप पडली. औषधासाठी लागणारे पैसे त्यांना नवव्या दिवशी मिळाले. ते रागावले नाहीत. जाताना फक्त विचारलं, की आता पटली का ओळख.

त्या शनिवारी आम्ही वर्गणी काढून भाड्यानं व्हीसीआर आणला होता. माझ्या आग्रहाखातर ‘मेरा साया’ लावला. न्यायालयाचा प्रसंग सुरू झाला आणि मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठून बाहेर गेलो.

‘मेरा साया’नंतर ‘अनीता’ आला, १९६७ साली. पुन्हा साधना, पुन्हा मनोजकुमार, पुन्हा मेलेली बाई जिवंत दिसणं. लोकांना कंटाळा आला आणि चित्रपट पडला. रहस्यपट तिथं संपले म्हणायला हरकत नाही. पण खोसला संपले नाहीत, आणि इथं पुन्हा मराठी येते. १९६९चा ‘दो रास्ते’, राजेश खन्नाचा तुफान चाललेला, चंद्रकांत काकोडकरांच्या ‘निलांबरी’वरून. १९७८चा ‘मैं तुलसी तेरे आँगन की’ काकोडकरांच्याच ‘अशी तुझी प्रीत’वरून. ज्या काकोडकरांची पुस्तकं आमच्या पिढीनं उशीखाली लपवून वाचली, ज्यांच्या ‘श्यामा’वरचा अश्लीलतेचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली ते त्यातून सुटले, त्यांच्या गोष्टीत कुटुंबानं एकत्र बसून पाहावं असं काही आहे, हे ओळखलं एका पंजाबी दिग्दर्शकानं. ‘मैं तुलसी’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं फिल्मफेअर मिळालं, नूतनला अभिनयाचं. आपल्याकडच्या समीक्षकांनी काकोडकरांना शेवटपर्यंत दारातच उभं ठेवलं. कादंबऱ्या लिहिणारा माणूस म्हणून मला हे टोचतं, पण तो विषय वेगळा.

मधे १९७१चा ‘मेरा गाँव मेरा देश’. आमच्या शिपायाचा मान राखून सांगतो, की ‘शोले’च्या चार वर्षं आधी डाकूंनी त्रासलेलं गाव, बाहेरून आणलेला भुरटा नायक आणि हात गमावलेला म्हातारा हे सगळं इथं होतं. तो म्हातारा झाले होते जयंत, म्हणजे पुढच्या गब्बरसिंगचे, अमजद खानचे वडील. १९८०चा ‘दोस्ताना’ही जोरात चालला. मग मात्र उतार. १९८९चा ‘नकाब’ त्यांचा शेवटचा. ९ जून १९९१ रोजी मुंबईत राज खोसला गेले, तेव्हा वय होतं ६६. गुरुदत्तांच्या नावापुढं त्यांचं नाव नेहमी खालच्या ओळीत लिहिलं गेलं. गाण्याचं चित्रण कोणाचं चांगलं, या चर्चेत मात्र आजही ते वरच्या ओळीत येतात.

आमचे हेड कॅशियर आता वाशीमला असतात. ऐंशीच्या घरात आहेत. गेल्या दिवाळीत त्यांच्याकडे गेलो, तेव्हा इतक्या वर्षांनी त्या शिक्षकांची गोष्ट मी त्यांना सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, की त्या खात्यावर नवी नमुना सही त्यांनीच घेतली होती, त्यांना आठवत होतं. कार्डावर दोन सह्या होत्या, एकाखाली एक. ‘मेरा साया’ दुसऱ्या नंबरावर घ्यायला ते तयार झाले. पहिला कसा काय नाही, असं मी विचारल्यावर त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि पावसाची रात्र, बंद पडलेले वायपर, पांढरी साडी, असं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. वहिनी चहा ठेवून गेल्या. कब्रस्तानाचं फाटक उघडेपर्यंत तो निवून गेला होता.