डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष
१८७२ मध्ये वडील गंगाधरपंत वारले. आई तर आधीच गेलेली. प्रकृती तोळामासा, त्यात लग्नही झालेले. असे सोळा वर्षांचे बळवंतराव टिळक १८७३ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. अशा पोरक्या मुलाने पुस्तकात डोके खुपसावे, हीच कोणाचीही अपेक्षा! त्यांनी दिनक्रम आखला तो मात्र जोर-बैठकांचा, नदीत पोहण्याचा, नाव वल्हवण्याचा. अभ्यास मागे पडला आणि पहिल्या वर्षी ते नापास झाले. (एवढेच आम्ही मुले आवडीने सांगतो. १८७७ मध्ये ते पहिल्या वर्गात बी. ए. झाले, हे सोयीस्कर विसरतो.) पुढे मधुमेह जडला, तरी १९०८ ते १९१४ हा मंडालेचा तुरुंगवास त्याच शरीराने सोसला. तिथेच १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ शिसपेन्सिलीने लिहून झाले.