थोरले माधवराव पेशवे : एक चरित्र आणि इतिहासातील ‘जर-तर’

प्रस्तावना

इतिहासात जर-तरला स्थान नसते, हे विधान आपण अनेकदा ऐकतो. तरीही एखाद्या घटनेचे महत्त्व ठरवताना इतिहासकाराला ती घटना घडली नसती तर काय झाले असते, याचा विचार मनातल्या मनात करावाच लागतो. अमुक कारणामुळे तमुक घडले असे म्हणताना, ते कारण नसते तर तसे घडले नसते, हे त्यात गृहीत धरलेले असते. म्हणून प्रश्न जर-तरला स्थान असावे की नसावे हा नाही. ते कोणत्या मर्यादेत असावे, हा आहे. मराठ्यांच्या इतिहासात असा प्रश्न ज्यांच्याविषयी सर्वाधिक विचारला गेला, त्या थोरल्या माधवराव पेशव्यांच्या चरित्राच्या आधारे आपण या मर्यादांचा परिचय करून घेणार आहोत.

पानिपतानंतरचा वारसा

माधवरावांचा जन्म १७४५ साली सावनूर येथे झाला. नानासाहेब पेशवे आणि गोपिकाबाई यांचे ते दुसरे पुत्र. पेशवेपदाचे वारस होते त्यांचे ज्येष्ठ बंधू विश्वासराव. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणांगणावर विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ दोघेही पडले. या आघाताने खचलेल्या नानासाहेबांनी त्याच वर्षी जून महिन्यात पुण्यात पर्वतीवर देह ठेवला आणि जुलैमध्ये साताऱ्यास माधवरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. त्या वेळी त्यांचे वय होते अवघे सोळा वर्षांचे.

येथेच पहिला जर-तर उभा राहतो. विश्वासराव जगते तर माधवराव बहुधा पेशवे झालेच नसते. डॉ. जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासराव गोळीतून थोडक्यात बचावतात आणि इतिहासाला वेगळी वाट फुटते, ही कल्पना योजलेली आहे. एका गोळीची दिशा किंचित बदलली, एवढाच बदल लेखकाने केला आहे. कल्पित इतिहासाचा पहिला नियम त्यातून स्पष्ट होतो : बदल लहान असावा आणि तो त्या काळी खरोखर संभवनीय असावा.

घरातला संघर्ष आणि कर्तृत्व

नव्या पेशव्यापुढे रिकामा खजिना, वडिलांच्या काळापासूनचे कर्ज, पानिपतानंतर डोके वर काढलेले शत्रू आणि कारभाराची सूत्रे स्वतःकडे ठेवू पाहणारे चुलते रघुनाथराव अशी चहूबाजूंची संकटे होती. १७६२ च्या अखेरीस चुलत्या-पुतण्यांतील वाद रणांगणापर्यंत गेला. भीमेकाठी आळेगावजवळ पराभूत झालेल्या माधवरावांनी लढा ताणण्याऐवजी चुलत्यांच्या स्वाधीन होणे पत्करले. या माघारीत दुर्बलता नव्हती. मराठ्यांचे सैन्य आपसांत संपले तर लाभ निजामाचा होईल, ही जाण तिच्यामागे होती.

ती जाण लवकरच खरी ठरली. १७६३ मध्ये निजामाच्या फौजेने पुणे लुटले आणि जाळले. त्याच वर्षी १० ऑगस्ट रोजी गोदावरीकाठी राक्षसभुवन येथे मराठ्यांनी निजामाचा मोठा पराभव केला आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. या विजयाने माधवरावांची योग्यता सिद्ध झाली व कारभाराची सूत्रे हळूहळू त्यांच्या हाती आली.

यानंतरच्या नऊ वर्षांत त्यांनी म्हैसूरच्या हैदर अलीवर वारंवार स्वाऱ्या केल्या, नागपूरकर भोसल्यांना वचक बसवला आणि उत्तरेकडे पुन्हा फौजा रवाना केल्या. १७६८ मध्ये रघुनाथरावांनी पुन्हा उचल खाल्ली, तेव्हा धोडपच्या लढाईत त्यांचा पराभव करून माधवरावांनी त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. १७७२ च्या जानेवारीत महादजी शिंदे प्रभृती सरदारांच्या संरक्षणात बादशहा शाहआलम दिल्लीत परतला. हाच बादशहा १७६५ पासून अलाहाबादेस इंग्रजांच्या आश्रयाने राहत होता. पानिपतानंतर अकरा वर्षांच्या आत मराठे दिल्लीच्या राजकारणात पुन्हा निर्णायक ठरले होते. प्रशासनातही रामशास्त्री प्रभुणे यांच्यासारख्या निःस्पृह न्यायाधीशाला त्यांनी पाठबळ दिले आणि रयतेला जाचणाऱ्या वेठीच्या प्रथेला आळा घातला.

थेऊर

या साऱ्या धडपडीच्या काळात राजयक्ष्मा त्यांचे शरीर पोखरत होता. हैदरवरील अखेरची मोहीम प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना १७७० मध्ये अर्ध्यावर सोडून परतावे लागले. त्र्यंबकराव पेठे यांनी ती पुढे चालवली आणि १७७१ मध्ये मोती तलावाच्या लढाईत यश मिळवले. परंतु हैदरची सत्ता मुळासकट उखडली गेली नाही. अखेरच्या दिवसांत माधवराव थेऊरच्या चिंतामणीच्या सान्निध्यात राहिले. धाकटे बंधू नारायणराव यांना चुलत्यांच्या साक्षीने कारभाराची घडी समजावून देण्याचा आणि दोघांत सलोखा घडवण्याचा त्यांनी प्रयत्न केला. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. रमाबाई सती गेल्या. त्यांना अपत्य नव्हते.

नऊ-दहा महिन्यांतच, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांचा खून केला. या कृत्याबद्दल रघुनाथराव दोषी ठरले. पुढे बारभाईंच्या विरोधापुढे टिकाव न लागल्याने ते मुंबईकर इंग्रजांकडे गेले. १७७५ चा सुरतेचा तह आणि १७८२ पर्यंत चाललेले पहिले इंग्रज-मराठा युद्ध ही त्याची परिणती होती. पानिपताच्या पराभवापेक्षा या तरुण पेशव्याचा अकाली मृत्यू मराठी राज्याला कमी घातक ठरला नाही, असा अभिप्राय ग्रँट डफ यांनी आपल्या इतिहासात नोंदवला आणि तो पुढे मराठी मनात कायमचा रुजला.

माधवराव आणखी जगते तर?

आता या प्रश्नाचा शिस्तीने विचार करू. माधवराव आणखी वीस वर्षे जगते तर नारायणरावांचा खून बहुधा टळला असता, कारण नारायणराव गादीवर येण्याचा प्रसंगच तेव्हा उद्भवला नसता. रघुनाथराव कैदेत असते तर इंग्रजांना पुण्याच्या गादीचा हक्कदार हाताशी मिळाला नसता. इथपर्यंतचे अनुमान पुराव्याला धरून आहे.

परंतु त्यामुळे इंग्रज राज्य आलेच नसते, असे म्हणणे ही उडी ठरेल. साष्टी आणि वसई यांवर मुंबईकर इंग्रजांचा डोळा आधीपासून होता; सुरतेचा तह होण्यापूर्वीच, डिसेंबर १७७४ मध्ये, त्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला होता. १७६५ पासून बंगालचा महसूल कंपनीच्या हाती होता आणि समुद्रावर तिचे आरमार प्रबळ होते. मराठी राज्याची सरंजामी रचना, सरदारांमधील स्पर्धा आणि खजिन्याची ओढग्रस्ती हे प्रश्नही एका व्यक्तीच्या दीर्घायुष्याने आपोआप सुटणारे नव्हते. संघर्ष झालाच असता. तो केव्हा, कोणत्या अटींवर आणि किती एकजुटीने झाला असता, हे मात्र बदलले असते. दुसरा नियम हाच : अनुमान जितके दूर न्यावे तितका त्याचा आधार क्षीण होतो.

तिसरा नियम अधिक महत्त्वाचा आहे. क्षयावर त्या काळी खात्रीचा उपाय नव्हता. तेव्हा ते जगते तर, हा प्रश्न केवळ दैवाला उद्देशून राहतो. त्याऐवजी माणसांच्या हाती असलेल्या निर्णयांकडे वळले, की चर्चा फलदायी होते. आजार आधीच जडला होता, मूल नव्हते आणि भाऊ अननुभवी होता. अशा वेळी रघुनाथरावांच्या महत्त्वाकांक्षेला बांध घालणारी, पेशव्याच्या मृत्यूनंतरही टिकणारी व्यवस्था उभी राहिली असती तर? शनिवारवाड्याचा पहारा आणि मृत्युशय्येवरचा सलोखा, दोन्ही माधवरावांच्या व्यक्तिगत धाकावर अवलंबून होते; तो धाक त्यांच्याबरोबरच संपला. नारायणरावांच्या खुनानंतर बारभाई एकत्र येऊ शकले, म्हणजे अशी व्यवस्था अगदीच अशक्य नव्हती. ती उशिरा आली.

समारोप

रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ (१९६२) या कादंबरीने माधवराव व रमाबाई यांना घराघरांत पोहोचवले. ऐतिहासिक कादंबरीकार घटनांमधील मोकळ्या जागा कल्पनेने भरतो, पण शेवट बदलत नाही. थेऊर चुकत नाही. कल्पित इतिहास लिहिणारा मात्र शेवटच बदलतो. दोघांनाही मूळ इतिहासाचे काटेकोर ज्ञान लागते, हे ध्यानात घ्यावे.

माधवरावांचे मोठेपण त्यांना न मिळालेल्या वर्षांवरून मोजण्याचा मोह आपल्याला होतो. त्यांना मिळालेली अकरा वर्षे त्यासाठी पुरेशी आहेत. उरलेल्या वर्षांची कल्पना करायची ती हळहळण्यासाठी नव्हे. एका माणसावर सारे राज्य तोलून धरण्यातला धोका समजून घेण्यासाठी.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. कल्पित इतिहासाचा विचार करताना पाळावयाचे तीन नियम माधवरावांच्या चरित्राच्या आधारे स्पष्ट करा.
२. माधवरावांच्या दीर्घायुष्याने कोणत्या गोष्टी बदलल्या असत्या व कोणत्या बदलल्या नसत्या, याची कारणमीमांसा करा.
३. ऐतिहासिक कादंबरी आणि कल्पित इतिहासाची कथा यांतील फरक सोदाहरण लिहा.