'ब्लॅक' या एका शब्दाने घाम फोडला, तरी शिंप्याच्या पोराने इंग्रजीची सगळ्यात मोठी डिक्शनरी उभी केली

सिनेमाचं तिकीट ब्लॅकने घेतलं. कॉफी ब्लॅक पाहिजे. त्याने ब्लॅकमेल केलं. कंपनीने ब्लॅकलिस्ट केलं. आपण दिवसभरात हा शब्द किती वेळा वापरतो याचा हिशोब नाही आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ वेगळा असतो. तिकिटाला रंग नसतो, ब्लॅकमेलमध्ये काळं काहीच नसतं, तरी आपलं कुठे अडत नाही.

पण समजा, तुम्हाला कुणी सांगितलं की या एका शब्दाचे आजवर इंग्रजीत जेवढे अर्थ झाले ते सगळे शोधा. प्रत्येक अर्थ पहिल्यांदा कुठल्या पुस्तकात आला ते पुराव्यासकट दाखवा. मग ते एकातून एक कसे फुटले ते ओळीने लावा. आणि हे फक्त 'ब्लॅक'चं नाही, इंग्रजीतल्या प्रत्येक शब्दाचं करायचं आहे.

हे काम एका माणसाने अंगावर घेतलं. नाव, जेम्स मरे.

७ फेब्रुवारी १८३७. स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवर हॉइक नावाचं गाव आहे, त्याच्या शेजारच्या डेनहोम या खेड्यात एका शिंप्याच्या घरी जेम्सचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, कारण पुढचं शिकवायला पैसे नव्हते. पण पोराला नाद होता. दगड, झाडं, तारे, जुनी नाणी, भाषा, जे दिसेल ते शिकायचं. लॅटिन शिकला तेव्हा गावातल्या गायींना लॅटिन हाका मारून त्या येतात का, हेही त्याने करून बघितलं. सतराव्या वर्षी तो हॉइकच्या शाळेत मास्तर झाला आणि विशीत दुसऱ्या शाळेचा हेडमास्तर.

तिथून पुढे सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. झालं उलटंच.

१८६२ मध्ये मॅगी स्कॉट नावाच्या संगीत शिक्षिकेशी लग्न झालं. मुलगी झाली, ती तान्ही असतानाच गेली. मॅगीला क्षयाने गाठलं. डॉक्टरांनी थंडीचा मुलूख सोडून गरम हवेच्या देशात जायला सांगितलं. मास्तरच्या पगारात ते कुठून जमणार? जमलं ते एवढंच की मरे हेडमास्तरकी सोडून लंडनला आले आणि एका बँकेत कारकून झाले. बँकेचं नाव चार्टर्ड बँक ऑफ इंडिया, ऑस्ट्रेलिया अँड चायना. १८५८ पासून मुंबईत जिची शाखा होती आणि आज जी स्टँडर्ड चार्टर्ड म्हणून आपल्याला माहीत आहे, तीच. पण लंडनला येऊनही मॅगी वाचली नाही. १८६५ मध्ये ती गेली.

दोन वर्षांनी मरेंनी एडा रुथवेन यांच्याशी दुसरं लग्न केलं. इथेही आपल्याकडचा एक धागा आहे. एडाचे वडील ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरीला होते, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी जिने पळवली त्या कंपनीत. या लग्नात नवरदेवाचा पाठराखण्या होता अलेक्झांडर ग्रॅहम बेल. पुढे टेलिफोनमुळे जग ज्याला ओळखू लागलं, त्या बेलला विजेचे सुरुवातीचे धडे मरेंनीच दिले होते.

बँकेत बसून मरे काय करत होते? भाषा शिकत होते. १८६६ मध्ये त्यांनी ब्रिटिश म्युझियमकडे नोकरीसाठी अर्ज केला आणि त्यात आपल्याला येणाऱ्या भाषांची यादी दिली. इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, लॅटिन, पोर्तुगीज, डच, जर्मन, डॅनिश, जुनी इंग्रजी, थोडी रशियन, हिब्रू, अरबी, तुलनेपुरती फारसी आणि संस्कृतही. नोकरी मिळाली नाही.

आता जरा मागे जाऊ.

लंडनमध्ये फिलॉलॉजिकल सोसायटी नावाची भाषाप्रेमींची संस्था होती. इंग्रजीचे आहेत ते शब्दकोश अपुरे आहेत, नवा करायला हवा, हे तिने १८५७ मध्येच ठरवलं होतं. कल्पना अशी की शब्दाचा अर्थ नुसता सांगायचा नाही, त्याचा जन्मापासूनचा इतिहास सांगायचा. पहिले संपादक हर्बर्ट कोलरिज. त्यांनी शब्दांच्या चिठ्ठ्या ठेवायला ५४ खणांचं कपाट बनवलं, एवढ्यात भागेल असं त्यांना वाटत होतं. वयाच्या तिशीतच ते क्षयाने गेले. दुसरे संपादक फ्रेडरिक फर्निव्हल उत्साही खरे, पण कारभार पसरट. काम रेंगाळलं.

तोवर मरे बँक सोडून लंडनजवळच्या मिल हिल शाळेत शिकवू लागले होते आणि १८७३ मध्ये आपल्या भागातल्या स्कॉटिश बोलीवर त्यांनी पुस्तक लिहिलं होतं. त्यामुळे नजर त्यांच्यावर गेली. १ मार्च १८७९ ला ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसशी करार झाला. मुदत १० वर्षं, पानं ७,०००.

फर्निव्हलकडून माल आला तो जवळपास दोन टन. पोत्यांत भरलेल्या चिठ्ठ्या. एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला, दुसऱ्यात उंदरीण पिलांसकट नांदत होती. 'एच'चं अख्खं गाठोडं इटलीत फ्लॉरेन्सला सापडलं. 'पीए'ने सुरू होणाऱ्या शब्दांच्या चिठ्ठ्या आयर्लंडमधल्या एका तबेल्यात होत्या आणि त्यातल्या बऱ्याच चूल पेटवायला वापरून झाल्या होत्या.

मरेंनी शाळेच्या आवारात पत्र्याची शेड ठोकली, आत १,०२९ खण केले आणि त्याला नाव दिलं स्क्रिप्टोरियम. मग जगभरच्या इंग्रजी वाचणाऱ्यांना छापील पत्रक काढून आवाहन केलं. पुस्तकं वाचा, शब्द सापडला की चिठ्ठीवर शब्द, साल, लेखक, पुस्तक, पान आणि ते वाक्य उतरवा आणि पाठवा. थोडक्यात, आज विकिपीडिया ज्या पद्धतीने चालतो ते या माणसाने पोस्टाच्या तिकिटांवर चालवून दाखवलं.

पण लोक लोकच असतात. त्यांनी चमत्कारिक, दुर्मिळ शब्द तेवढे टिपून पाठवले. 'अब्युजन' या कुणी न वापरणाऱ्या शब्दाच्या चिठ्ठ्या ५० च्या आसपास आणि रोजच्या 'अब्युज'च्या पाचसुद्धा नाहीत. साध्या शब्दांकडे कुणी बघतच नाही. ते आपल्याला माहीत आहेत असं वाटत असतं, हीच अडचण. मरेंना परत परत सांगावं लागलं की साधे शब्द पाठवा.

आणि खरा घाम साध्या शब्दांनीच फोडला. त्यात 'ब्लॅक' आणि त्याचा गोतावळा हे प्रकरण भयंकर निघालं.

पहिली अडचण मुळाशीच. जुन्या इंग्रजीत काळ्या रंगासाठी नेहमीचा शब्द ब्लॅक नव्हता, 'स्वेअर्ट' होता. जर्मनमध्ये काळ्याला आजही श्वार्त्स म्हणतात, तो त्याचाच भाऊ. ब्लॅकनं हळूहळू त्याची जागा घेतली. पण त्याच काळात जवळपास तशाच स्पेलिंगचा दुसरा एक शब्द होता आणि त्याचा अर्थ होता फिकट, चमकता, पांढुरका! ब्लीच हा शब्द त्याच घरातला. मधल्या काळातल्या हस्तलिखितांत हे दोघे असे मिसळले की कवीने बाईचा चेहरा गोरा सांगितलाय की काळा, हे मागचं-पुढचं वाचूनच ठरवावं लागतं, आणि काही ठिकाणी तेवढ्यानेही ठरत नाही.

आणखी मागे गेलं की भाषाशास्त्रज्ञ ब्लॅकचं मूळ जळणे, झळकणे अशा अर्थाच्या फार जुन्या धातूत शोधतात. फ्लेम, म्हणजे ज्योत, हा शब्द त्याच गोतातला मानतात आणि संस्कृतमधला तेज या अर्थाचा भर्गही. उजेडाच्या शब्दातून अंधाराचा शब्द कसा आला? जळून झालं की मागे कोळसा आणि काजळीच राहते ना.

मग अर्थांची रांग. रंग काळा. उजेड नसलेला. मळलेला. दुष्ट. अशुभ. कलंक लागलेला. रागाने काळवंडलेला. मराठीतही काळं तोंड, काळा दिवस आहेच, पण आपल्याकडे काळी म्हणजे पिकाची जमीनही, म्हणून तिला आईही म्हणतो. प्रत्येक भाषेची वाट वेगळी असते आणि मरेंना ती वाट पुराव्याने दाखवायची होती. समाज हा शब्द वापरत आला ते सगळं त्यात उतरलं, माणसाच्या कातडीबद्दलचे पूर्वग्रहसुद्धा.

जोडशब्दांच्या तऱ्हा तर औरच. ब्लॅकस्मिथ म्हणजे काळ्या धातूचं, लोखंडाचं काम करणारा लोहार, पांढऱ्या धातूवाला तो व्हाइटस्मिथ. ब्लॅक आर्ट म्हणजे काळी जादू, पण तिच्या मुळाशी काळं काही नाहीच. मृतांशी बोलण्याच्या विद्येला जो ग्रीक शब्द होता, त्यातला मृत हा तुकडा लॅटिनमध्ये काळा या अर्थाच्या शब्दासारखा वाटला आणि चूक कायमची झाली. ब्लॅकमेलमधल्या मेलचा पोस्टाशी काडीचा संबंध नाही. स्कॉटलंडमध्ये मेल म्हणजे खंडणी, भाडं. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरचे लुटारू सरदार शेतकऱ्यांकडून गुरं न पळवण्याबद्दल जी वसुली करत, ती ब्लॅकमेल. ही सीमा म्हणजे मरेंचं माहेर. ज्या मातीत हा शब्द उगवला तिथलंच पोर त्याची नोंद लिहीत होतं, हा योग छानच.

हे करायची पद्धत? एका शब्दाच्या चिठ्ठ्या वीस-तीस ढिगांत वाटायच्या, टेबलावर नाहीतर थेट जमिनीवर पसरायच्या आणि बुद्धिबळाच्या सोंगट्या हलवाव्यात तसे ते ढीग तासन्‌तास इकडून तिकडे हलवत बसायचं. सलग साखळी जमेपर्यंत.

आता यात १० वर्षं कशी पुरणार? पहिला भाग १८८४ च्या सुरुवातीला निघाला. ३५२ पानं, 'ए' पासून 'अँट' पर्यंत. पाच वर्षांत गाडी मुंगीपर्यंत आली होती. ब्लॅकचा भाग छापायला १८८७ उजाडलं.

प्रेसचे लोक वैतागले. खर्च फुगतोय, पुस्तक निघत नाही, पानं कमी करा, वर्तमानपत्रांतली वाक्यं घेऊ नका, असा दट्ट्या सुरू झाला. ऑक्सफर्डचे कुलगुरू बेंजामिन जॉवेट तर थेट मजकुरात हात घालू लागले. १८८३ मध्ये मरे राजीनाम्याच्या टोकाला पोहोचले होते. पैशांचीही ओढाताण, हेन्री हक्स गिब्ज या श्रीमंत मित्राकडून उसने घेऊन घर चालवलं. मरे अडून बसले ते एकाच गोष्टीवर, पुरावा कापायचा नाही. अखेर जॉवेटशीही मैत्री झाली, इतकी की एका मुलाच्या नावात जॉवेट घातलं.

१८८५ मध्ये कुटुंब ऑक्सफर्डच्या बॅनबरी रोडवर आलं. मागच्या अंगणात पुन्हा पत्र्याची शेड. शेजाऱ्याने नजारा अडतो म्हणून कुरकुर केल्यामुळे ती जमिनीत खोल उतरवावी लागली, त्यामुळे आत ओल आणि गारठा. टपाल एवढं की पोस्टाने दारासमोर स्वतंत्र पेटी बसवली. मरेंना अकरा मुलं. प्रत्येक जण थोडा मोठा झाला की चिठ्ठ्या लावायच्या कामाला बसायचा, त्याचे पैसेही मिळायचे.

चिठ्ठ्या पाठवणाऱ्यांत सगळ्यात गाजलेला माणूस विल्यम मायनर. अमेरिकन सैन्यातला डॉक्टर, भ्रमिष्ट अवस्थेत १८७२ मध्ये लंडनमध्ये एका निरपराध कामगाराचा खून केला आणि ब्रॉडमूरच्या वेड्यांच्या इस्पितळात कोंडला गेला. तिथून त्याने हजारो चिठ्ठ्या पाठवल्या. मरे त्याला भेटायला गेले आणि तिथे कळलं की तो डॉक्टर नसून कैदी आहे, ही गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, पण ती खरी नाही. १८९१ च्या पहिल्या भेटीआधीच मरेंना ते माहीत होतं. मेल गिब्सन आणि शॉन पेन यांचा 'द प्रोफेसर अँड द मॅडमन' हा सिनेमा याच दोघांवरचा.

मला मात्र फिट्झएडवर्ड हॉल जास्त भावतो. हाही अमेरिकन. १८४६ मध्ये कलकत्त्याजवळ जहाज फुटलं म्हणून भारतात राहिला, बनारसच्या संस्कृत कॉलेजात शिकवू लागला, संस्कृत ग्रंथांचं संपादन केलं. पुढे लंडनमध्ये भांडणं होऊन एका खेड्यात एकटा पडला. तिथून तो रोज काही तास मरेंसाठी मुद्रितं तपासत राहिला, १९०१ मध्ये मरेपर्यंत. दोघांची एकदाही भेट झाली नाही.

चुका झाल्याच. 'बॉन्डमेड', म्हणजे दासी, या शब्दाच्या चिठ्ठ्या गहाळ झाल्या आणि शब्द कोशातून राहूनच गेला. तो पुढे १९३३ च्या पुरवणीत आला.

१९०८ मध्ये मरे 'सर' झाले. ज्या ऑक्सफर्डसाठी तीस वर्षं राबले, त्या विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली ती १९१४ मध्ये. ८० व्या वाढदिवसापर्यंत कोश संपवायचा त्यांचा बेत होता. 'टी' वर काम चालू असताना २६ जुलै १९१५ ला फुप्फुसाच्या आजाराने ते गेले. जवळपास निम्मा कोश त्यांच्या हातचा होता.

काम संपलं १९२८ मध्ये. ४,१४,८२५ शब्द आणि १८ लाखांहून जास्त उताऱ्यांचा पुरावा. लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये पंतप्रधान बाल्डविन यांच्या उपस्थितीत जंगी मेजवानी झाली. आमंत्रण फक्त पुरुषांना होतं. वर्षानुवर्षं कोशासाठी खपलेली मरेंची मुलगी रॉसफ्रिथ त्या रात्री वरच्या सज्जात बसून खालची पंगत बघत होती.